वजन कमी पाहिजे तर स्क्रीन छोटीच घ्या, हे लॅपटॉप कंपन्यांचं गणित किती खरं?

लॅपटॉपच्या दुकानात गेलं की दुकानदार दोनच प्रश्न विचारतो. बजेट किती आणि काम काय. उत्तरं मिळाली की तो दोन टेबलं दाखवतो. पहिल्या टेबलावर पातळ, हलके, एका हाताने अलगद उचलता येतील असे लॅपटॉप. स्क्रीन १३ नाहीतर १४ इंच. दुसऱ्या टेबलावर १५-१६ इंचवाले. स्क्रीन ऐसपैस, पण उचलायला गेलं की मनगटाला लगेच कळतं.

मग एखादा म्हणतो, "हलका पण पाहिजे आणि स्क्रीन पण मोठी पाहिजे." यावर दुकानदार असा बघतो, जणू गिऱ्हाईकाने आखूडशिंगी, बहुदुधी आणि वर लाथही न मारणारी गाय मागितली.

आता ही मागणी खरंच एवढी अवघड आहे का? की हलका म्हणजे छोटा आणि मोठा म्हणजे जड, ही जोडी कंपन्यांनी लावून दिली आणि लोकांनी मान्य करून टाकली? लॅपटॉपचा गेल्या वीसेक वर्षांचा हिशोब मांडला, तर दुसरी शक्यता जास्त खरी वाटायला लागते.

पाकिटातून निघालेला लॅपटॉप

१५ जानेवारी २००८. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ॲपलचा मॅकवर्ल्डचा कार्यक्रम सुरू होता. स्टीव्ह जॉब्सने स्टेजवर एक खाकी पाकीट उचललं, ऑफिसात कागदपत्रं ठेवायला वापरतात तसलं, आणि त्यातून लॅपटॉप बाहेर काढला. पहिला मॅकबुक एअर. वजन १.३६ किलो, जाडी सगळ्यात जास्त जिथे आहे तिथे १९.४ मिलिमीटर, किंमत १,७९९ डॉलर.

ते पाकीट सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण पाकीट उघडायच्या आधी जॉब्स जे बोलला, ते आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं आहे. त्याने त्या काळातल्या हलक्या लॅपटॉपची कुंडलीच मांडली होती. स्क्रीन ११ किंवा १२ इंच, कीबोर्ड आखडलेला, प्रोसेसर सुस्त. समोर तुलनेला होता सोनीचा वायो टीझेड, ज्याची स्क्रीन होती ११.१ इंच. ॲपलने स्क्रीन १३.३ इंच ठेवली, कीबोर्ड पूर्ण आकाराचा ठेवला आणि कात्री भलतीकडेच चालवली. डीव्हीडी ड्राइव्ह काढला, नेटवर्क केबलची जागा काढली, यूएसबी पोर्ट एकच ठेवला.

म्हणजे आज ज्या १३ इंचाला सगळे "छोटा लॅपटॉप" म्हणतात, तो त्याच्या काळात हलक्या लॅपटॉपमधला मोठा गडी होता. वजन कमी करायचं म्हणून स्क्रीन कापायची नाही, हाच त्याचा मुद्दा होता.

त्याच्या तीनच महिने आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, आसुसचा ई पीसी आला होता. ७ इंचाची स्क्रीन, वजन ९२० ग्रॅम. किंमत कमी म्हणून लोकांनी उचलला, पाठोपाठ नेटबुकची लाट आली. पण ८०० बाय ४८० पिक्सेलच्या त्या स्क्रीनवर वेबसाइट बघायची म्हणजे दाराच्या फटीतून लग्न बघण्यासारखं होतं. काही वर्षांत ती लाट ओसरली.

पुढे काय झालं बघा. ॲपलने २०१० मध्ये ११.६ इंचाचा एअर आणला, २०१६ मध्ये बंद केला. २०१५ मध्ये १२ इंचाचा, ९२० ग्रॅमचा मॅकबुक आणला, तोही २०१९ मध्ये बंद. लेनोवोच्या थिंकपॅडची एक्स मालिका म्हणजे सतत फिरतीवर असणाऱ्यांचा लाडका लॅपटॉप. त्यात वर्षानुवर्षं १२.५ इंचाची स्क्रीन होती. २०१९ च्या एक्स ३९० मध्ये ती १३.३ इंच झाली. हलका लॅपटॉप म्हणजे किती इंच, हे माप सतत वर सरकत आलंय. त्यामुळे ते १३-१४ वरच येऊन थांबावं, याला काही नैसर्गिक नियम नाही.

मोठा म्हणजे जड, हे आलं कुठून?

एकेकाळी ते खरंच होतं. जानेवारी २००३ मध्ये ॲपलने १७ इंचाचा पॉवरबुक आणला, त्याचं वजन होतं ३.१ किलो. आजच्या दोन लॅपटॉपचा ऐवज.

त्या काळात स्क्रीनला मागून उजेड द्यायला ट्यूबलाइटची पातळ बहीण शोभेल अशी नळी असायची आणि ती पेटवायला वेगळं सर्किट. शिवाय फिरणारी हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह, तापणारा प्रोसेसर, त्याला थंड करायला तांब्याच्या नळ्या आणि पंखे. नळीच्या जागी एलईडी आले, हार्ड डिस्कच्या जागी चिप आली, डीव्हीडी तर विसरायलाच झाली. प्रोसेसर इतके थंड डोक्याचे झाले की २०२० मध्ये ॲपलने एम १ चिपवाला एअर पंख्याशिवाय विकायला काढला. वजनाची एकेक कारणं अशी निघून गेली. स्क्रीनचं काचेचं पॅनेल हा त्या वजनातला एक भाग होता, सगळं वजन कधीच नव्हता.

मग मोठे लॅपटॉप तरीही जड का राहिले? तर विकण्याच्या पद्धतीमुळे.

गाडी घेताना सनरूफ पाहिजे असेल तर सेल्समन म्हणतो, टॉप मॉडेल घ्या. मग सनरूफसोबत महागडे स्पीकर, अलॉय व्हील आणि सीटचं चामडंही गळ्यात पडतं. लॅपटॉपमध्ये मोठ्या स्क्रीनचं तसंच झालं. मोठी स्क्रीन मागतोय म्हणजे हा माणूस व्हिडिओ एडिटिंग करणार किंवा गेम खेळणार, असं कंपनीने गृहीत धरलं. मग त्यात तगडा ग्राफिक्स आला, त्याच्यासाठी मोठे पंखे आले, मोठी बॅटरी आली. वजन २ किलोच्या वर. ज्याला फक्त एक्सेलच्या जास्त ओळी दिसायला पाहिजे होत्या, त्यानेही हा सगळा लवाजमा पाठीवर वाहायचा.

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण ॲपलचंच आहे. २०२३ च्या सुरुवातीला त्यांचा १४ इंचाहून मोठा नवा लॅपटॉप घ्यायचा तर १६ इंचाचा मॅकबुक प्रो हा एकच रस्ता होता. वजन २.१५ किलो, भारतातली सुरुवातीची किंमत २,४९,९०० रुपये. ५ जून २०२३ ला १५.३ इंचाचा एअर आला. वजन १.५१ किलो, किंमत १,३४,९०० रुपये. जेमतेम इंचभर स्क्रीन कमी, पण पाठीवरचे ६४० ग्रॅम गेले आणि खिशातले १ लाख १५ हजार वाचले. ज्यांना प्रोच्या ताकदीची गरजच नव्हती, ते लोक तोपर्यंत हा फरक निव्वळ स्क्रीनसाठी भरत होते.

इंटेलने २०११ मध्ये अल्ट्राबुक नावाचा प्रकार काढला, तेव्हा जाडीचे नियम घालून दिले होते. १३.३ इंचापर्यंत १८ मिलिमीटर, १४ आणि त्याहून मोठ्यांना २१ मिलिमीटर. म्हणजे नियमातच मोठ्या स्क्रीनला जागा ठेवली होती. सॅमसंगने २०१२ मध्ये सिरीज ९ मध्ये १५ इंचाचा पातळ लॅपटॉप करूनही दाखवला. पण बाकीच्यांची गर्दी १३ इंचाच्याच मागे होती, कारण सगळ्यांना एअरला टक्कर द्यायची होती.

कोरियातून आलेला वजनकाटा

ही जोडी जाणूनबुजून मोडायचं काम ज्यांनी केलं, ते नाव टीव्ही-फ्रिजमुळे घराघरात माहितीये. एलजी.

एलजीने आपल्या लॅपटॉपचं नावच "ग्रॅम" ठेवलं. किलोत मोजायचंच नाही, हा त्यातला टोमणा. २०१५ मध्ये १४ इंचाचा ग्रॅम आला, वजन ९८० ग्रॅम. २०१६ मध्ये १५.६ इंचाचा आला, वजन पुन्हा ९८० ग्रॅम. स्क्रीन वाढली आणि काटा जागचा हलला नाही. मग २०१९ मध्ये त्यांनी १७ इंचाचा ग्रॅम आणला. वजन १.३४ किलो. सगळ्यात हलका १७ इंची लॅपटॉप म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली.

हा आकडा जरा थांबून बघायला पाहिजे. पाकिटातून निघालेला १३.३ इंचाचा एअर होता १.३६ किलोचा. अकरा वर्षांनी १७ इंचाचा लॅपटॉप त्याच्याहून २० ग्रॅम कमी भरला.

हे जमलं कसं? बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची केली, जो ॲल्युमिनियमपेक्षा बराच हलका असतो. वेगळा ग्राफिक्स टाकला नाही. मोठी बॉडी मिळाल्यामुळे बॅटरी मात्र ७२ वॉट-अवरची बसवता आली. किंमतही मोजावी लागली. हातात घेतल्यावर तो धातूचा न वाटता प्लास्टिकचा वाटतो, आणि कीबोर्डवर जोरात दाबलं तर बॉडी किंचित दबते. ठणठणीतपणाची सवय असलेल्यांना ते आवडत नाही.

पण रस्ता दिसला. २०१८ मध्ये एसरने १५.६ इंचाचा स्विफ्ट ५ जाहीर केला, ९९० ग्रॅमचा. २०२१ मध्ये सॅमसंगचा १५.६ इंचाचा गॅलक्सी बुक प्रो आला, १.०५ किलोचा. त्याच वर्षी एलजीचा १६ इंचाचा ग्रॅम १.१९ किलोत आला. म्हणजे तंत्रज्ञान जमत नाही म्हणून मोठे-हलके लॅपटॉप नाहीत, हे कारण आता चालत नाही.

कडा गेल्या आणि जागा सापडली

वजनाची गोष्ट झाली. पण हलका असला तरी मोठा लॅपटॉप सॅकमध्ये मावणार कसा?

इथे मदतीला आल्या स्क्रीनभोवतीच्या काळ्या कडा, म्हणजे त्यांचं जाणं. २०१५ मध्ये डेलने एक्सपीएस १३ मध्ये कडा इतक्या बारीक केल्या की १३ इंचाची स्क्रीन ११ इंचवाल्याच्या बॉडीत बसवली असा दावा केला. त्या नादात वरच्या कडेत कॅमेऱ्यालाच जागा उरली नाही. तो खाली सरकवला आणि व्हिडिओ कॉलवर समोरच्याला थेट नाकपुड्यांचं दर्शन व्हायला लागलं. पुढे ते सुधारलं.

कडांमुळे किती फरक पडला, याची एक तुलना भारी आहे. २००८ चा १३.३ इंचाचा एअर ३२.५ सेंटिमीटर रुंद आणि २२.७ सेंटिमीटर खोल होता. २०२३ चा १५.३ इंचाचा एअर ३४ सेंटिमीटर रुंद आणि २३.८ सेंटिमीटर खोल आहे. स्क्रीन पूर्ण दोन इंचांनी वाढली, पण बॉडी रुंदीला दीड सेंटिमीटर आणि खोलीला जेमतेम एक सेंटिमीटर वाढली. जाडी तर १९.४ वरून ११.५ मिलिमीटरवर आली.

ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर आजचा १३ इंची एअर म्हणजे साधारण ए-४ कागद, आणि १५ इंची एअर लांबीला कोर्टाच्या लीगल साइज कागदाहून कमी. आपल्याकडे ज्या लॅपटॉप सॅक मिळतात, त्यातल्या बहुतेक १५.६ इंचासाठीच शिवलेल्या असतात. १३ इंचवाला त्यात हिंदकळत जातो.

दीड-दोन इंचाने असा काय फरक पडतो?

दुकानात १३.६ आणि १५.३ शेजारी ठेवले की वाटतं, पावणेदोन इंचासाठी कशाला जास्त पैसे? इथे बऱ्याच जणांचं गणित चुकतं, कारण स्क्रीनचा इंच तिरका मोजतात. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. जागा मात्र लांबी गुणिले रुंदी अशी वाढते. १३.६ वरून १५.३ म्हणजे तिरक्या मापात साडेबारा टक्के वाढ, पण प्रत्यक्ष जागेत २६ टक्के. १४ वरून १७ वर गेलं तर जागा ४७ टक्क्यांनी वाढते. जवळपास दीडपट.

ही जागा लागते कोणाला, तर ज्यांचं काम दोन खिडक्यांमध्ये चालतं त्यांना. एकीकडे इंग्रजी कागद, दुसरीकडे मराठी भाषांतर. एकीकडे बँकेचं स्टेटमेंट, दुसरीकडे हिशोबाची शीट. एकीकडे ऑनलाइन मीटिंग, दुसरीकडे नोट्स. १३ इंचात दोन खिडक्या शेजारी लावल्या की दोन्हींमध्ये आडवं स्क्रोल करत बसावं लागतं.

आणि लागते ती चाळिशीवाल्यांना.

चाळिशी हा शब्द मराठीत वयालाही आहे आणि चष्म्यालाही, तो उगाच नाही. साधारण त्या वयापासून डोळ्यातल्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचं बारीक वाचायला त्रास व्हायला लागतो. मोबाइल लांब धरून वाचता येतो, पण लॅपटॉपचा कीबोर्ड स्क्रीनलाच जोडलेला असल्यामुळे तो लांब सरकवता येत नाही. मग माणूस अक्षरं मोठी करतो. छोट्या स्क्रीनवर अक्षरं मोठी केली की पानावर दिसणारा मजकूर निम्म्यावर येतो, आणि काम स्क्रोल करण्यातच जातं. ज्यांची नजर मुळातच कमी आहे, त्यांच्यासाठी तर हा रोजचा छळ आहे. गंमत म्हणजे याच वयात पाठ आणि खांदेही बोलायला लागलेले असतात. म्हणजे ज्यांना मोठ्या स्क्रीनची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच जड लॅपटॉप सगळ्यात जास्त नको असतो. बाजाराने मात्र त्यांना सांगितलं, डोळे किंवा पाठ, एक काहीतरी निवडा.

इथे एक गोम आहे, ती विकत घेताना कोणी सांगत नाही. स्क्रीन मोठी असली म्हणून जास्त मजकूर दिसतोच असं नाही. ते पिक्सेलवर आणि अक्षरांच्या झूमवर ठरतं. १५.६ इंचाचा फुल एचडी लॅपटॉप विंडोजमध्ये १२५ टक्क्यांवर ठेवला तर १५३६ बाय ८६४ एवढी कामाची जागा मिळते. १४ इंचाच्या फुल एचडीवर अक्षरं साधारण तेवढीच मोठी दिसावीत म्हणून झूम १५० टक्के केला, तर उरते १२८० बाय ७२०. मोठ्या स्क्रीनवर ४४ टक्के जास्त मजकूर. पण तोच १५.६ इंचाचा लॅपटॉप जर जुन्या १३६६ बाय ७६८ पिक्सेलवाला असेल, तर तो १४ इंचाच्या चांगल्या स्क्रीनपेक्षाही कमी मजकूर दाखवू शकतो. नुसताच धूसर मोठेपणा.

मग अडतंय कुठे?

वजन सुटलं, पण पसारा पूर्ण सुटला नाही, हे कबूल करावं लागतं. लॅपटॉप नेणं आणि लॅपटॉप उघडून वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानात इकॉनॉमीच्या सीटवर बसून १७ इंचाचा लॅपटॉप ट्रेवर ठेवला आणि पुढच्याने सीट मागे टाकली की स्क्रीन नीट उघडतच नाही. हिंजवडीच्या बसमध्ये शेजारच्याच्या बरगडीत कोपर जातं. लोकलमध्ये उभ्याने तर कुठलाच लॅपटॉप उघडता येत नाही, तिथे फक्त पुढे लटकवलेल्या सॅकचं वजन मोजायचं. प्रवासात रोज तासनतास काम करणाऱ्या माणसाला १३ इंच हेच योग्य माप आहे आणि त्याने ते सोडू नये.

दुसरी अडचण विजेची. मोठी स्क्रीन उजळायला जास्त वीज लागते. २०२३ मध्ये ॲपलच्या १३ इंची एअरची बॅटरी ५२.६ वॉट-अवरची होती आणि १५ इंचीची ६६.५ ची. म्हणजे २६ टक्के मोठी, बरोबर स्क्रीनच्या जागेएवढीच. दोन्हींसाठी कंपनीचा दावा मात्र सारखाच, १८ तास. मोठ्या बॉडीत मिळालेली जास्तीची बॅटरी तिथेच खर्ची पडली. आणि बॅटरी वाटेल तेवढी वाढवताही येत नाही, कारण १०० वॉट-अवरच्या वरची बॅटरी विमानात न्यायला कंपनीची परवानगी लागते. म्हणून जगातले दांडगे लॅपटॉपही ९९ च्या आसपास येऊन थांबतात.

तिसरी अडचण झाकणाची. पातळ पत्रा जितका लांब, तितका वाकतो, आणि हे वाकणं लांबीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतं. मोठं आणि पातळ झाकण मजबूत ठेवायला महागडा धातू नाहीतर जास्त धातू लागतो. म्हणजे एकतर पैसे, नाहीतर वजन.

यावर काही जण म्हणतात, मोठ्या हलक्या लॅपटॉपची गरजच काय? छोटा घ्या आणि टेबलावर मॉनिटर लावा. ज्यांचं टेबल ठरलेलं आहे त्यांच्यासाठी हा सल्ला एक नंबर आहे. स्वस्तही पडतो आणि मान खाली घालून बसावं लागत नाही, जे काम १७ इंचाचा लॅपटॉपही करू शकत नाही. पण आज घरी, उद्या क्लायंटकडे, परवा गावाला असं ज्यांचं चालतं, त्यांनी मॉनिटर कुठे लावायचा? सोबत नेता येणारे १५.६ इंचाचे पातळ मॉनिटर मिळतात, पण कव्हरसकट त्यांचं वजन पाऊण-एक किलोपर्यंत जातं. १३ इंचाचा लॅपटॉप अधिक तो मॉनिटर म्हणजे दोन किलो. एलजीचा १७ इंचवाला एकटाच १.३४ किलोचा. इथे छोट्याचा हलकेपणा संपतो.

घडीचे लॅपटॉप हेही उत्तर म्हणून पुढे आलेत. आसुसने २०२२ मध्ये १७.३ इंचाची स्क्रीन घडी घालून छोट्या लॅपटॉपएवढी केली. एचपीने २०२३ मध्ये तसाच आणला, किंमत ५,००० डॉलरच्या घरात. तेवढ्या पैशात हलका लॅपटॉप, मोठा मॉनिटर आणि एक बरी खुर्ची येऊन वर पैसे उरतात.

आपल्याकडचं चित्र उलटं आहे

अमेरिकेत चर्चा अशी असते की हलके लॅपटॉप आहेत, ते मोठे का नाहीत. भारतात मोठे आहेत, ते हलके का नाहीत असं विचारावं लागतं.

आपल्या बजेट लॅपटॉपच्या बाजारात १५.६ इंच हे जवळपास सरकारमान्य माप असल्यासारखं आहे. या आकाराचं पॅनेल जगभरात प्रचंड संख्येने बनतं, त्यामुळे स्वस्त पडतं. कॉलेजच्या पोरापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळे तेच घेतात. वजन साधारण १.६ ते १.८ किलो, बॉडी प्लास्टिकची. उजवीकडे आकड्यांचा वेगळा कीपॅड, ज्यामुळे बाकीचा कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि टाइप करणारा कायम थोडा तिरका बसतो. पण टॅलीवाल्यांचा जीव त्या कीपॅडमध्ये अडकलेला असतो. जीएसटी रिटर्नच्या आठवड्यात त्यांना कीपॅड नसलेला लॅपटॉप देऊन बघा. ॲपलने १५ इंचाच्या एअरमध्ये जागा असूनही कीपॅड दिला नाही, एलजीने १७ इंचात दिला. मोठी बॉडी कोणासाठी करतोय, यावर ते ठरतं.

या १.७ किलोच्या लॅपटॉपमधून ५०० ग्रॅम काढायचे तर मॅग्नेशियमची बॉडी लागते, आणि किंमत थेट वेगळ्या पायरीवर जाते. त्यामुळे आपल्याकडे हलका-मोठा लॅपटॉप अजून तरी लाखाच्या आसपास किंवा वर जाऊ शकणाऱ्यांचाच आहे. १५ इंची एअर आला तेव्हा १३ इंचीची किंमत १,१४,९०० होती. म्हणजे स्क्रीनचे २० हजार. वजनातला फरक २७० ग्रॅम, पाव लिटर पाण्याएवढा.

कंपन्यांनी मोठ्या स्क्रीनचे हलके लॅपटॉप काढावेत का, तर काढावेत, आणि तगड्या ग्राफिक्सची सक्ती न करता काढावेत. १५ ते १६ इंचात ही मागणी पूर्ण योग्य आहे, कारण तिथे वजन, आकार आणि सॅक तिन्हींचा मेळ बसलाय. १७ इंचाचं तेवढं सोपं नाही. तो ३८ सेंटिमीटर रुंद आणि २६.६ सेंटिमीटर खोल पडतो. टेबल ते टेबल नेणाऱ्याला झकास, पण मांडीवर घेऊन काम करणाऱ्याला नाही.

घ्यायला निघालाच असाल तर बॉक्सवरचं वजन बघताना चार्जरचं वजन वेगळं विचारा, ते त्यात धरलेलं नसतं. साध्या ६५ वॉटच्या जुन्या पद्धतीच्या चार्जरलाही केबलसकट पाव किलो वजन असू शकतं. आणि आपली नेहमीची सॅक सोबत घेऊन जा. दुकानदार थोडा वैतागेल, पण १७ इंचवाल्याची चेन लागते की नाही, हे तिथेच कळलेलं बरं.